अजिंठा कुणी पाहावा?

दिवाळीची सुट्टी सरली, सोयाबीनची सुगी आटोपली की आमच्या गोरेगावात, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात, शाळेच्या सहलीचा विषय निघतो. सहल अजिंठा-वेरूळला न्यावी असे कुणी सुचवले की विरोध चार बाजूंनी येतो. काही पालकांचे म्हणणे असे की ती लेणी आपली नव्हेत. औंढा नागनाथला न्या, देवाचे दर्शन तरी घडेल. काही शिकलेली मंडळी म्हणतात, खेड्यातल्या पोरांना त्या चित्रांतले काय कळणार? रांगेने आत जातील, रांगेने बाहेर येतील. वारशाची काळजी वाहणारे त्याहून पुढे जातात : गर्दीच्या श्वासानेच चित्रे मरत आहेत, तेव्हा सामान्य पर्यटकाला तिथे जाऊच देऊ नये. आणि तरुण पोरे खिशातला मोबाईल काढून विचारतात, सगळे यात दिसते, मग एवढा प्रवास आणि खर्च कशासाठी?

हे आक्षेप घेणारी माणसे वाईट हेतूने बोलत नाहीत. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच त्यांना उडवून लावून चालणार नाही. एकेकाला उत्तर दिले पाहिजे. माझे मत मी आधीच सांगून ठेवतो. गोरेगावच्या माणसाने अजिंठा पाहावा. पर्यटक म्हणूनच पाहावा, एसटीने जाऊन, रांगेत उभे राहून पाहावा. त्याचा तो अधिकार कुणाही पंडिताहून कमी नाही. आणि हा अधिकार जो सांगतो त्याने नीट पाहण्याची जबाबदारीही घ्यावी.

पहिला आक्षेप परकेपणाचा. लेणी आपली नव्हेत, हे म्हणणे इतिहासापुढे टिकत नाही. अजिंठ्याच्या तीस लेण्यांपैकी नववे, दहावे अशी मोजकी लेणी सातवाहनकाळातली, इसवी सनाच्या आधी सुरू झालेली. बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या अमदानीतली. या वाकाटकांच्या दोन मुख्य शाखा होत्या. एकीची राजधानी रामटेकजवळचे नंदिवर्धन. दुसरीची वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. आमच्या शेजारच्या जिल्ह्याचे ठिकाण. अजिंठ्यातली उत्तम लेणी ज्याच्या काळात घडली तो हरिषेण राजा या वाशीमच्या शाखेचा. त्याचा सचिव वराहदेव याने सोळावे लेणे खोदवून भिक्षुसंघाला अर्पण केले आणि तसा लेख लेण्याच्या ओसरीबाहेरच्या भिंतीवर कोरवून ठेवला. विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत वाकाटकांची वंशावळ त्या लेखात आहे. आपण ज्या वाशीमला कामासाठी जाऊन संध्याकाळी परत येतो, तिथल्या राजघराण्याची हकीकत अजिंठ्याच्या कातळावर लिहिलेली आहे.

आणखी एक पुरावा आहे. १९३९ साली वाशीमला याच शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. वत्सगुल्माहून दिलेल्या त्या दानपत्रातले गाव नंदिकट प्रदेशाच्या उत्तर भागातले आहे, आणि नंदिकट म्हणजे नांदेड, असे वाकाटकांच्या लेखांचे संपादक वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले. नकाशा समोर धरावा. वर वाशीम, खाली नांदेड, आणि मधल्या पट्ट्यात आजचा हिंगोली जिल्हा. ज्यांनी अजिंठ्याला राजाश्रय दिला त्यांच्या राज्यात आमचा मुलूख काठावर नव्हता, राजधानीच्या सावलीत होता. याच शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतात रचले होते. काव्य आज हरवले आहे, पण नंतरच्या ग्रंथकारांनी त्याची नोंद ठेवली आहे. मराठीची पूर्वज असलेल्या भाषेत वाशीमचा राजा काव्य करतो आणि त्याच्या वंशजाचा सचिव अजिंठ्याला लेणे खोदवतो. हा वारसा परका म्हणायचा असेल तर आपला म्हणायला काही उरत नाही.

धर्माच्या नावाने केलेली वाटणीही तिथे लागू पडत नाही. वाकाटक राजे वैदिक यज्ञांचा अभिमान मिरवणारे, आणि त्यांच्या सचिवाने दान दिले ते बौद्ध भिक्षूंना. वेरूळला चौतीस लेण्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन, एकाच डोंगराच्या कडेला ओळीने उभी आहेत. ज्यांनी ती खोदली त्यांना शेजार चालला. तो आपल्याला न चालण्याचे कारण नाही.

औंढ्याला जाऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. औंढ्याला जावेच. पण औंढ्यालाही आपण काय करतो? रांगेत उभे राहतो, अरुंद वाटेने तळघरातल्या गाभाऱ्यात उतरतो, पिंडीला हात लावतो, वर येऊन प्रसाद घेतो आणि गाडीत बसतो. यादवकाळाची आठवण सांगणाऱ्या त्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर हत्तींचे थर आहेत, देवादिकांच्या मूर्ती आहेत, रुसलेल्या पार्वतीची समजूत घालणारा शंकर आहे. वर्षानुवर्षे दर श्रावणात जाणाऱ्या माणसानेही तो शंकर पाहिलेला नसतो. भिंतीवर एवढी मूर्तिकला कोरणाऱ्याने ती कुणीतरी पाहावी म्हणूनच कोरली असणार. प्रदक्षिणेची वाट त्या भिंतींच्या कडेनेच जाते. याच देवळात नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले, असे आपली परंपरा सांगते. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले तेव्हा देऊळच फिरले, ही कथा आपल्याकडे प्रत्येक घरात सांगितली जाते. ती कथा मनात घेऊन नंदी कुठे आहे आणि दार कुठल्या दिशेला आहे हे जो पाहतो, त्याची भक्ती कमी होत नाही, वाढतेच. म्हणून औंढा की अजिंठा, हा वादच चुकीचा आहे. औंढ्याला डोळे उघडे ठेवून फिरलेले लेकरू अजिंठ्याला अधिक पाहील.

दुसरा आक्षेप अज्ञानाचा. खेड्यातल्या माणसाला ही कला कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अजिंठ्याची भिंत कशाची आहे हे तरी आधी पाहावे. कातळावर मातीचा गिलावा आहे. त्या मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. त्यावर पांढरा पातळ हात दिलेला आहे. मग रंग : गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, काजळीचा काळा, चुन्याचा नाहीतर पांढऱ्या मातीचा पांढरा, हिरव्या मातीचा हिरवा. एकच रंग दूरदेशीचा, निळा. त्याचा लाजवर्दी दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. हे रंग ओल्या चुन्यावर दिलेले नाहीत. कोरड्या भिंतीवर, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत. आता सांगा, ज्या लेकराने आपल्या आजीला भुस्सा कालवलेल्या मातीने भिंत लिंपताना आणि वरून पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवताना पाहिले आहे, त्याला ही भिंत अधिक कळेल की फ्लॅटमध्ये वाढलेल्या कलारसिकाला? गिलावा कुठे फुगला, पोपडा कुठे सुटला, ओल कुठून आली, हे त्या लेकराला कुणी शिकवायला नको.

दगडाचेही तेच. अजिंठा आणि वेरूळ दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये खोदलेले आहेत, आणि आमच्या शिवारातल्या विहिरीही त्याच खडकात उतरतात. मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या खडक कुठे लागतो आणि काळा पाषाण कुठे आडवा येतो, हे विहिरीच्या कामावरच्या गड्यांना ठाऊक असते. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणले. शिखर आधी झाले, पाया शेवटी उघडा पडला. चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही, आणि फोडलेला मलबा प्रत्येक थराला बाहेर काढावा लागतो. हे गणित पुस्तकात वाचणाऱ्यापेक्षा विहीर खोदणाऱ्याला लवकर उमगते. त्याला कैलासापुढे उभे करा आणि मग त्याचे बोलणे ऐका.

या लेण्यांची आठवण विद्वानांनीच जपली, हाही एक गैरसमज आहे. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात वेरूळला मुक्कामाला होते, हे 'लीळाचरित्रा'त आले आहे. पुढे कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त एक कथा येते. राणीने व्रत घेतले की देवळाचे शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. इतक्या थोड्या दिवसांत देऊळ कसे उभे राहणार? तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने वरून खाली काम करण्याची युक्ती काढली आणि शिखर आधी घडवले. कथेतला काळ काल्पनिक असो, पण कैलास वरून खाली खोदला हे मर्म त्यात शाबूत आहे. अभियंत्यांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी मोजमाप घेण्याच्या कित्येक पिढ्या आधी मराठी माणसाने ते ओळखले आणि कथेत बांधून ठेवले. ज्याला काही कळत नाही असे आपण म्हणतो, त्याचेच हे ज्ञान आहे.

चित्रांच्या विषयांबद्दलही हेच सांगता येईल. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची जातककथा आहे. तो हत्ती देतो, राज्य सोडतो, शेवटी पोटची लेकरेही दान देतो. सप्ताहातल्या कीर्तनात हरिश्चंद्राची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हा विश्वंतर परका वाटणार नाही. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे आणि त्यांना मिळून एकच डोके, असे कोरीव काम आहे; ते पाचवीतले पोरही आधी शोधते आणि मग मोजते. दुसऱ्या लेण्यात झोपाळ्यावर बसलेली राजकन्या आहे, हंसांची रांग आहे. दुकाने, बाजार, घोडे, जहाजे, स्वयंपाकाची भांडी, दोरखंड, टोपल्या, सगळे भिंतीवर आहे. अभ्यासाने यातले पुष्कळ अधिक दिसते, हे मला मान्य आहे. पण अभ्यासाची सुरुवात पाहण्यापासूनच होते. ज्याला पाहूच दिले नाही तो अभ्यास करणार कशाचा?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यातले तथ्य मी पूर्ण मान्य करतो. बंद गुहेत माणसांची गर्दी झाली की श्वासाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, उष्णता वाढते, धूळ उडते. हात लागला की रंग जातो. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली, १९४८ साली लोकांना खुली झाली आणि पंधरा वर्षांतच, १९६३ साली, चित्रांवर शेवाळ वाढू लागल्याने बंद करावी लागली. तिची प्रतिकृती १९८३ साली खुली झाली, त्याच वर्षी अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. लास्कोचे उदाहरण देऊन सांगितले जाते की अजिंठाही आता अभ्यासकांपुरता ठेवावा.

पण अजिंठ्याची जी मोठी हानी इतिहासात नोंदली गेली, ती कुणी केली हे एकदा तपासावे. दहाव्या लेण्यातल्या खांबावर रंगवलेल्या आकृतीवर ओरखडून एक नाव लिहिलेले आहे : जॉन स्मिथ, अठ्ठाविसावी घोडदळ पलटण, तारीख २८ एप्रिल १८१९. लेणी 'शोधून काढणारा' म्हणून याच अधिकाऱ्याचे नाव पुस्तकांत आहे. त्यानंतर डॉ. बर्ड नावाच्या विद्वान गृहस्थांनी भिंतीवरच्या आकृत्या सोलून नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यांचा भुगा झाला. अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडा आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. तो तिकडे खेड्यातल्या सहलीने नेला नाही. नक्कल करणाऱ्यांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून वार्निश फासले. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पोपडे जागच्या जागी बसवले, हे त्यांचे मोठे काम. पण त्यांनी लावलेला लाखेचा लेप पुढे काळवंडत, पिवळा पडत गेला आणि चित्रे झाकोळली. तो काढण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेला पुढे वर्षानुवर्षे करावे लागले. यात सगळेच दोषी होते असे नाही. काहींचा हेतू उत्तम होता. पण सामान्य माणूस म्हणजे धोका आणि जाणता म्हणजे रक्षक, ही मांडणी या इतिहासातून निघत नाही.

मग गर्दीचे काय? तिला मर्यादा हवी, आणि ती आज काही प्रमाणात आहेही. गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तिथून चार किलोमीटर वेगळ्या बसने जावे लागते. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात, चपला बाहेर काढायला लावतात, फ्लॅशला बंदी आहे, आतले दिवे मंद ठेवलेले आहेत. या मर्यादा आणखी कडक करायच्या असतील तर खुशाल कराव्यात. दिवसाची संख्या ठरवावी, शाळांना आधी तारीख घ्यायला लावावी, गर्दीच्या दिवशी परत पाठवावे. माझी अट एकच आहे. मर्यादा संख्येवर असावी, माणसाच्या शिक्षणावर, पैशावर किंवा गावावर नसावी. प्रतिकृतींनाही माझा विरोध नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटन महामंडळाच्या केंद्रात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती मोठ्या खर्चाने उभारल्या, आणि थकलेल्या बिलांपायी ते केंद्र बंद पडले, ही खेदाची गोष्ट आहे. ते नीट चालवावे. तिथे भरपूर उजेडात कथा समजून घ्यावी आणि मग थोडा वेळ खऱ्या लेण्यात उभे राहावे. प्रतिकृती तयारीसाठी हवी. ती दाखवून खऱ्या लेण्याचे दार बंद करणे मला मान्य नाही.

चौथा आक्षेप मोबाईलचा. छायाचित्रांचे मोल मी जाणतो. लेण्याच्या अंधारात डोळ्यांना न दिसणारे बारकावे चांगल्या छायाचित्रात दिसतात, हे खरे आहे. पण छायाचित्र चौकट घालते आणि अजिंठ्याच्या भिंतीला चौकट नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा आपण शेकडो वेळा पाहतो. कॅलेंडरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, पडद्यावर. त्या चेहऱ्याभोवती माकडे आहेत, मोर आहेत, जोडपी आहेत, वाद्ये वाजवणारे आहेत, आणि त्या सगळ्या गजबजाटात तो एकटा खाली मान घालून उभा आहे, हे भिंतीसमोर उभे राहिल्यावरच कळते. त्याचे शांत असणे गर्दीशिवाय समजत नाही. तिथल्या कथाही आपल्या चित्रपुस्तकातल्यासारख्या एकामागून एक प्रसंग मांडत नाहीत. राजवाड्यातले प्रसंग एका जागी, वनातले दुसऱ्या जागी, मग ते कथेत आधीचे असोत की नंतरचे. पाहणाऱ्याला भिंतीपुढे चालावे लागते, मागे यावे लागते, मान वर करावी लागते. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे. तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत चालत जाणे हा त्या मूर्तीच्या अर्थाचा भाग आहे. बोटाने पडदा सरकवून तो हाती येत नाही.

नकलांवर विसंबण्याचा धडा तर अजिंठ्याइतका दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकलांची मोठमोठी तैलचित्रे करत होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत ती बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अनेक मोसम तिथे राबले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनच्या आगीत गेल्या. डोंगरातली भिंत मात्र उभी राहिली. नकला हव्यातच, पण मूळ जागेशी माणसांचे नाते तुटले तर मूळ सांभाळायला पुढे कोण येणार? ज्याने अजिंठा कधी पाहिलाच नाही, तो त्यासाठी आवाज उठवेल कशाला?

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय माझ्या लेखी निव्वळ सहलीचा राहत नाही, तो सांगतो. सन १९३४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह बसने आणि मोटारींनी सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरलेले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच जमाव धावून आला. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून शिवीगाळ सुरू झाली. बरीच वादावादी झाल्यावर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती या अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ते बॅरिस्टर होते, कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांचे पदवीधर होते, गोलमेज परिषदांना जाऊन आले होते. पण आपल्याच मुलखातली प्राचीन वास्तू पाहताना त्यांच्यावर पहारा बसला. त्या काळी दौलताबादप्रमाणेच आमचा हिंगोलीचा भागही निजामाच्या राज्यात होता.

पर्यटक होणे ही चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग विसरू नये. प्राचीन वास्तूच्या दारातून ताठ मानेने आत जाणे हा इथे लढून मिळालेला हक्क आहे. कुणी पाहावे आणि कुणी पाहू नये, हे जन्मावरून ठरत होते. आज कुणी ते शिक्षणावरून, रसिकतेवरून किंवा ऐपतीवरून ठरवू पाहत असेल तर त्याला तितक्याच ठामपणे नकार दिला पाहिजे. मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांना वेरूळ-अजिंठा हे श्रद्धास्थान आहे, अनेकांना अभ्यासाचे ठिकाण आहे, काहींना फक्त पाहण्याची जागा आहे. तिघांचाही हक्क सारखाच आहे.

हक्क मांडला, आता जबाबदारी. आपल्या सहली आज ज्या तऱ्हेने जातात ती तऱ्हा बदलली पाहिजे, आणि या बाबतीत टीकाकारांचे बरोबर आहे. घृष्णेश्वर, वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की आणि अजिंठा हे सारे दीड दिवसात कोंबले की लेकराच्या वाट्याला बसची खिडकी आणि जेवणाची घाई एवढेच येते. त्याऐवजी एकच ठिकाण घ्यावे. अजिंठ्याला गेलो तर पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे आणि सव्विसावे एवढीच लेणी पाहावीत. जाण्याआधी महिनाभर वर्गात विश्वंतराची, महाजनकाची, सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीची कथा सांगावी. सोळाव्या लेण्यापाशी पोचल्यावर बाहेरचा लेख दाखवून सांगावे की यातला राजा आपल्या वाशीमचा. आत शिरल्यावर आधी काही मिनिटे गप्प उभे राहावे. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय भिंत बोलत नाही. भिंतीला हात लावू नये, पाठ टेकू नये, नाव लिहिणे तर दूरच. परत आल्यावर प्रत्येकाने जे पाहिले त्यातली एक गोष्ट काढावी किंवा लिहावी.

हे गावाच्या ऐपतीबाहेरचे नाही. शाळेच्या सहलीला एसटीत निम्मे भाडे सवलत मिळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांत तिकीट पडत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, एवढे लक्षात ठेवले की झाले. आणि सहल फक्त लेकरांची का असावी? बचत गटाच्या बायकांनी, हळद काढणाऱ्या मजुरांनी, विहिरी खोदणाऱ्या गड्यांनी, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही जावे. आयुष्यभर माती, दगड आणि रंग हाताळलेली ही माणसे तिथे जे पाहतील ते पुस्तकांत अजून लिहिले गेलेले नाही.

तयारीला सुरुवात घराजवळून करावी. आधी औंढ्याला जाऊन दर्शन झाल्यावर प्रदक्षिणेच्या वाटेवर थांबावे, हत्तींचा थर पाहावा, रुसलेली पार्वती शोधावी. शिक्षकांनी आपल्या तालुक्यातल्या जुन्या देवळांची, बारवांची, वीरगळांची यादी मुलांकडून करून घ्यावी. गावातला वीरगळ शेंदूर फासून उभा असतो. त्यावरची लढाई एकदा तरी नीट पाहावी. असे डोळे तयार झालेले लेकरू अजिंठ्याला गेले की ते गर्दी ठरत नाही. ते त्या जागेचे राखणदार बनते.

म्हणून शाळेच्या बैठकीत पालकांना आणि गुरुजनांना मी हेच सांगेन. वाशीमच्या राजाच्या सचिवाने ते लेणे खोदवले, आमच्या घरांच्या भिंतींसारख्या मातीवर ते रंगले, आणि ते पाहण्याचा हक्क आपल्या माणसांनी अपमान सोसून मिळवून दिला. यंदाची सहल अजिंठ्याला न्या. पाचच लेणी दाखवा, पण नीट दाखवा. आणि गोरेगावच्या लेकरांना तिथे काही कळणार नाही असे कुणी म्हटले, तर त्यालाही त्याच एसटीत सोबत बसवा.